हीटर आहे का, असं विचारलंत

डोना आयनो,
तुमचं पत्र मिळालं, आणि सोबतचा तो तक्ता.
त्र्याहत्तर दिवस, चौदा गावं,
रेल्वेला पिवळा रंग, बोटीला निळा,
आणि एव्होरा नि सेव्हिल यांच्या मधे
पेन्सिलीनं काढलेली एक चिमुकली चौकट:
आम्ही. एक रात्र. पुढं प्रश्नचिन्ह.

आधी हीटरचं सांगते.
आहे. एक. चाकं असलेला.
तुम्ही बसाल तिथं येतो, कुत्र्यासारखा,
पण दोन खोल्यांत एकदम असणं त्याला जमत नाही.
दक्षिण म्हणजे ऊब, असं तुमच्याकडं समजतात.
मागं एक डॅनिश गृहस्थ आले सुती सदरे घेऊन,
तीन दिवस माझ्या नवऱ्याच्या कोटात वावरले.
आमच्या भिंती उन्हाळ्यासाठी बांधल्यात.
जानेवारीत घरात शिरताना शाल घ्यायची
नि बाहेर पडताना काढायची, अशी इथली उलटी रीत.
दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर बसा.
सगळं गाव तिथंच असतं, ऊन खात,
एकमेकांची उणीदुणी काढत.

बदामाचा बहर विचारलात.
तो तारीख पाळत नाही.
गेल्या साली संत व्हिसेंतच्या सणाला फुलला,
त्याच्या आदल्या साली फेब्रुवारी सरत आला तरी झाडं ढिम्म.
संत्री मात्र हमखास. रस्त्यावरची खाऊ नका,
ती नुसती दिसायला गोड. माझ्या परसातली खा.
ऑलिव्हची झोडपणी तोवर उरकलेली असेल,
पण नवं तेल असेल, घशाला झोंबणारं,
भाजलेल्या पावावर, लसूण चोळून.
मासे नदीवर अवलंबून,
आणि नदी कुणाचं ऐकते?

आता तक्त्यातली चूक.
रविवारी सकाळी नऊची बस तुम्ही लिहिलीत.
ती नाही. रविवारी कुठलीच नाही.
बाई स्वतःचा धंदा बघते, म्हणाल,
पण त्या रस्त्यावर माझे यजमान, बेल्मिरू,
एकतीस वर्षं बस चालवत होते.
पुलाच्या अलीकडं गाडी वळवायचे.
पलीकडं स्पेन. तिथला खानावळवाला हात हलवायचा,
हेही हलवायचे.
पूल मात्र कधी ओलांडला नाही.
काम काय होतं तिकडं, म्हणायचे.

त्यांचं वेळापत्रकाचं पुस्तक आहे माझ्याकडं,
पानं तेलकट, कडा अंगठ्यानं झिजलेल्या.
त्यातल्या निम्म्या गाड्या बंद झाल्या,
उरलेल्यांच्या वेळा बदलल्या.
रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की मी ते उघडते.
सात-दहाला निघते. बेझाला गाडी बदलते.
पुढं पुस्तक संपतं, मग मनानंच लावते:
काडिझ, तिथून बोट, मग पालेर्मो,
मासळीबाजारात थोडी घासाघीस,
मग लेच्चे, कॉर्फू.
माझी एकही गाडी कधी चुकली नाही.
नसलेली गाडी चुकणार कशी?
थेस्सालोनिकी माझ्याकडं नव्हतं.
काल तुमच्या तक्त्यातून उतरवून घेतलं.
राग नसावा.

तर एक करा.
शनिवार आमचा, रविवारही आमचाच धरा.
सोमवारची बस सहा-पन्नासला, औषधांच्या दुकानासमोर.
अंधार असेल, मी बॅटरी घेऊन येईन.
ड्रायव्हर नवा आहे, पोरसवदा, हॉर्न फार वाजवतो.
तो पूल ओलांडतो.
मधोमध आलात की खाली बघा,
आणि सेव्हिलमधे सवड झाली तर
दोन ओळी टाका, तिथून नदी कशी दिसते.
नाही झाली तरी चालेल. तुमच्यामागं तेरा गावं आहेत.

लोकरीचे मोजे आणा, माणशी दोन जोड.
अंथरुणात गरम पाण्याची पिशवी मी ठेवते,
तिचे पैसे घेत नाही.

झुल्मिरा